सुभद्रेची झोप आणि पुण्याची सहा खेडी

अभिमन्यूने सुभद्रेच्या उदरात असताना चक्रव्यूह भेदण्याची विद्या ऐकली आणि मातेला मध्येच झोप लागल्यामुळे बाहेर पडण्याचा भाग ऐकायचा राहून गेला, ही कथा मराठी घरांत इतकी मुरलेली आहे की ती महाभारताच्या मूळ संहितेतली नव्हे असे सांगितले तर पुष्कळांना पटत नाही. द्रोणपर्वातला अभिमन्यू एवढेच म्हणतो की व्यूहात शिरण्याचे शिक्षण पित्याने दिले, बाहेर पडण्याचे दिले नाही. गर्भातले श्रवण ही नंतरच्या परंपरेची भर आहे. मात्र ही भर मूळ कथेपेक्षा बळकट ठरली, कारण तिच्यात एक सिद्धांत दडलेला होता. माणूस जन्मतो तेव्हा तो कोरा नसतो, त्याच्या आयुष्याचा काही भाग आईच्या पोटातच ठरून गेलेला असतो, असा तो सिद्धांत. त्याच्या पोटात एक आरोपही होता. मुलगा रणांगणावर मेला, त्याचे मूळ कारण आईची झोप. ही झोप तिला का लागली, हे कथेतल्या कोणी विचारलेले नाही आणि ऐकणाऱ्यांनीही विचारलेले नाही.

आयुर्वेदाने हाच विचार वेगळ्या अंगाने मांडला होता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात म्हटले आहे की चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय प्रकट होते, म्हणून ती स्त्री दोन हृदयांची, 'दौहृदिनी' होते. तिच्या इच्छा या पोटातल्या जीवाच्याही इच्छा असतात आणि त्या अपुऱ्या राहिल्या तर अपत्यात व्यंग उत्पन्न होते. आपल्या 'डोहाळे' या शब्दाचे नाते या कल्पनेशी जोडले जाते. डोहाळजेवण, ओटी, फुलांची वाडी, डोहाळ्यांची गाणी हा सगळा थाट त्याच कल्पनेभोवती उभा राहिला. तेव्हा आईचे खाणेपिणे आणि मुलाचे शरीरमन यांचा संबंध आहे, हे आपल्याला कोणी पाश्चात्त्य विद्वानाने शिकवण्याची गरज नव्हती. गरज होती ती हा संबंध मोजून पाहण्याची. ते काम विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत सुरू झाले. मराठी मुलखात होऊनही ज्याच्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेले नाही, अशा या संशोधनाचा इतिहास आम्हांला येथे मांडायचा आहे.

या कामाचे सूत्रधार डॉ. चित्तरंजन याज्ञिक. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण, नंतर ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत मधुमेहावरचे काम, आणि तेथून परतल्यावर पुण्याचे केईएम रुग्णालय. विलायतेतली पाठ्यपुस्तके प्रौढ वयातल्या मधुमेहाच्या रुग्णाचे जे वर्णन करीत, तो उतारवयाचा आणि लठ्ठ होता. पुण्यात याज्ञिकांच्या समोर येऊन बसणारे रुग्ण तिशी-चाळिशीतले असत आणि पाश्चात्त्य मापाने पुष्कळदा सडपातळ ठरत. पुस्तकातला रुग्ण आणि खुर्चीवरचा रुग्ण यांचा मेळ बसत नव्हता. अशा वेळी बहुतेक जण रुग्णाला अपवाद ठरवतात. याज्ञिकांनी पुस्तकावर शंका घेतली.

या विसंगतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण त्यांनी स्वतःच्याच देहावर दाखवले. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापून आले. दोघांचाही उंचीच्या मानाने काढलेला वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातल्या चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिकांचे २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून या कोड्याला 'वाय-वाय विरोधाभास' असे नाव पडले. वजनकाटा दोघांना समान ठरवतो, आतले शरीर मात्र वेगळे असते, हे एका चित्रात सांगून झाले.

हे छायाचित्र आपल्या नेहमीच्या रस्त्यांवर पाहायला मिळते. आम्ही जेथे बसून हे लिहीत आहोत त्या भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडसारख्या कुठल्याही रस्त्यावरून संध्याकाळी चालत जावे. औषधांची दुकाने, दवाखाने, रक्ततपासणीच्या पाट्या, त्यांवर साखर, थायरॉइड, तीन महिन्यांची सरासरी अशा तपासण्यांचे दर. लोकलमधून उतरून घराकडे निघालेल्या माणसांत हातपाय बारीक, पोट तेवढे पुढे, अशी देहयष्टी जागोजागी दिसते. यांतल्या कित्येकांचे आईबाप कोकणातून किंवा घाटावरून मुंबईत आले आणि पुढची पिढी जागेच्या भावामुळे खाडीपाशी सरकली. साखर वाढली की डॉक्टर जेवणाची आणि चालण्याची चौकशी करतात. त्यांची आई गरोदर असताना काय खात होती, हे कोणी विचारत नाही. याज्ञिकांचा प्रश्न नेमका तोच होता.

या प्रश्नाला आकार देणारी कल्पना इंग्लंडातून आली होती. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या मुख्य आरोग्य-परिचारिकेच्या देखरेखीखाली प्रत्येक नवजात बालकाचे वजन खातेवहीत लिहिले जात असे. पुढे मूल वर्षाचे झाले की त्याचे वजन पुन्हा नोंदवले जाई. या वह्या सुमारे सात दशकांनी साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांच्या हाती लागल्या. त्यांनी त्या मुलांचे पुढे काय झाले याचा माग काढला. जन्मतः आणि पहिल्या वाढदिवशी कमी वजनाचे असलेले पुरुष हृदयविकाराने अधिक प्रमाणात मेले, असा निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाला. पाठोपाठ मधुमेहाबाबतही तसेच आढळले. जेम्स नील यांनी १९६२ साली 'काटकसरी जनुका'ची कल्पना मांडली होती. उपासमारीत तगून राहण्यासाठी निवडली गेलेली जनुके सुबत्तेत घातक ठरतात, असे तिचे सार. बार्कर आणि त्यांचे सहकारी निकोलस हेल्स यांनी १९९२ साली त्याऐवजी वेगळी बाजू पुढे केली. काटकसर जनुकांनी आणलेली नसून गर्भाने शिकलेली आहे, असे त्यांचे म्हणणे. आईकडून येणारे अन्न कमी पडले की गर्भ बाहेरचे जग दुष्काळी आहे असे गृहीत धरतो आणि आपले अवयव, आपली अंतःस्रावांची घडी त्या जगासाठी बसवतो. जन्मल्यावर सुबत्ता भेटली तर हीच घडी उलटते.

बार्कर यांच्याकडे वह्या होत्या. महाराष्ट्रातल्या खेड्यांत तशा वह्या नव्हत्या, म्हणून इतिहास मागे जाऊन शोधण्याऐवजी पुढे घडताना लिहून ठेवणे एवढाच मार्ग होता. त्यासाठी लागणारी जमीन आधीच तयार झालेली होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयाला डॉ. बानू कोयाजी यांनी १९४४ पासून आपले आयुष्य वाहिले होते. १९७०च्या दशकात त्यांनी रुग्णालयाचे काम वढू आणि आसपासच्या गावांपर्यंत नेले, गावातल्याच माणसांना आरोग्यसेवेचे शिक्षण दिले. अनोळखी माणसाने येऊन घरच्या सुनेच्या पाळीच्या तारखा विचारल्या तर कोणते घर उत्तर देईल? उत्तर मिळते ते वीस वर्षे औषधपाणी करीत आलेल्या ओळखीच्या माणसाला. प्रयोगशाळेचा इतिहास लिहिताना असा विश्वास जमाखर्चात धरला जात नाही, पण या संशोधनाचे खरे भांडवल तेच होते.

१९९३ साली याज्ञिक, साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत 'पुणे मातृपोषण अभ्यास' सुरू केला. त्याचे वेगळेपण असे की स्त्रियांची नोंद गरोदर राहण्याच्या आधीच केली गेली. दर महिन्याला पाळीची चौकशी, गर्भ राहिला की अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात आहाराची, कामाची, रक्ताची तपासणी, आणि बाळ जन्मले की ७२ तासांच्या आत त्याची मोजमापे. केवळ वजन आणि लांबी नव्हे, तर डोके, पोट, दंड यांचा घेर आणि दंडामागची व खांद्याच्या पाठीमागच्या फऱ्याखालची त्वचेची घडी, असे सगळे मोजले गेले. या स्त्रियांचे गरोदरपणाआधीचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. अठराव्या आठवड्यात त्यांच्या पोटात जाणारा आहार दिवसाला सुमारे १८०० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिने एवढा होता.

बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. साउदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोची. पुण्याची बाळे लहान आहेत यात नवल नव्हते. नवल पुढे होते. सर्वच मापे सारख्या प्रमाणात लहान नव्हती. पोटाचा घेर, म्हणजे यकृत आणि इतर अवयवांचा पसारा, सर्वांत जास्त आक्रसलेला होता. दंडाचा घेर, म्हणजे स्नायू, तोही बराच कमी. पण फऱ्याखालच्या त्वचेची घडी, म्हणजे चरबी, जवळपास शाबूत होती. किडकिडीत दिसणारे बाळ आतून चरबी राखून होते. 'थिन-फॅट', म्हणजे कृश आणि तरी मेदयुक्त, असे त्याचे वर्णन २००३ साली प्रसिद्ध झाले. युडकिन यांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या प्रौढ याज्ञिकांचे शरीर पाळण्यातच तयार होते, असा याचा अर्थ.

येथे अंतःस्राव, म्हणजे हॉर्मोन, या कथेत येतात. आईच्या रक्तातली साखर वारेतून गर्भाकडे जाते, पण आईचे इन्सुलिन जात नाही. ती साखर हाताळायला गर्भाला स्वतःचे इन्सुलिन तयार करावे लागते. आपण इन्सुलिनला साखर उतरवणारे औषध म्हणून ओळखतो, गर्भात मात्र ते वाढीचे आणि चरबी साठवण्याचे काम करते. पुणे आणि लंडन येथल्या बाळांच्या नाळेतल्या रक्ताची तुलना २००२ साली प्रसिद्ध झाली. पुण्याची बाळे वजनाने कितीतरी हलकी असूनही त्यांच्या रक्तात इन्सुलिन जास्त होते. चरबीच्या पेशींतून पाझरणारे आणि मेंदूला 'साठा पुरेसा आहे' असा निरोप देणारे लेप्टिन हे अंतःस्राव-द्रव्यही त्यांच्यात वजनाच्या मानाने कमी नव्हते. भूक, तृप्ती, खाण्याची ओढ यांना आपण स्वभाव किंवा संयम म्हणतो. यांचे नियंत्रण करणारी यंत्रणा जन्माच्या दिवशीच वेगळी लागलेली असेल, तर जिभेवर ताबा नाही म्हणून माणसाला दोष देणाऱ्या नीतिशास्त्राचा पाया जरा ढासळतो.

आता डोहाळ्यांकडे वळू. कोणत्या मातांची बाळे अधिक भरदार होती? एकूण कॅलरी किंवा प्रथिने यांच्याशी बाळाच्या आकाराचा संबंध फारसा दिसला नाही. दिसला तो दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे यांच्याशी. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि सहकाऱ्यांनी २००१ साली हे मांडले. दोन वर्षांनी आलेली दुसरी मांडणी आम्हांला अधिक बोलकी वाटते. गरोदरपणी जिला अधिक कष्टाचे काम करावे लागत होते, तिचे बाळ लहान होते. शेतकाम, पाणी भरणे, जळण, घरकाम असा तिचा दिवस. म्हणजे संशोधकांनी आईच्या ताटाइतकाच तिच्या दिवसाचाही हिशेब मांडला. सुश्रुताच्या दौहृदिनीची इच्छा पुरवावी असे शास्त्र सांगते, गाण्यांतून ती पुरवलीही जाते. प्रत्यक्षात सगळ्यांचे जेवण आटोपल्यावर तळाशी उरलेले तिच्या वाट्याला येते आणि घरातले दूध विकले जाते, हे गावाकडच्या घरांची ओळख असलेल्या कोणाही वाचकाला सांगायला नको.

याच सुमारास पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत आणखी एक संग्रह तयार होत होता. हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हां यांनी बायकांच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. त्या ओव्यांत बाईने आपले श्रम, माहेर, उपासमार आणि लेकरे स्वतःच्या शब्दांत सांगितली आहेत. एकीकडे ओवी आणि दुसरीकडे रक्ताचा नमुना, असे एकाच जिल्ह्यातल्या बायकांचे दोन दफ्तरखाने एकाच काळात भरत होते. साहित्याच्या अभ्यासकांनी दुसऱ्याकडे पाहिले नाही, वैद्यकाच्या अभ्यासकांनी पहिल्याकडे पाहण्याचे कारण नव्हते. महाराष्ट्रातल्या बाईच्या शरीराचा इतिहास लिहायचा तर हे दोन्ही शेजारी ठेवून वाचावे लागतील.

रक्ताच्या नमुन्यांनी पुढे एक अनपेक्षित गोष्ट सांगितली. या सहा गावांतल्या सुमारे दोन तृतीयांश मातांत ब-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता निघाली. हे केवळ खेड्याचे दुखणे नव्हते. पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांची स्वतंत्र पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली, तीत ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी होते आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते, ते मांस, मासे, अंडी, दूध यांतून मिळते. आपल्याकडच्या शाकाहाराचे दोन प्रकार आहेत, एक व्रताचा आणि दुसरा परवडत नाही म्हणून घडलेला. रक्ताला त्यांतला फरक कळत नाही.

मुले सहा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासणी झाली. २००८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष धोरण ठरवणाऱ्यांना विचारात पाडणारा होता. ज्या मातांच्या रक्तात गरोदरपणी फोलेट जास्त होते त्यांच्या मुलांत चरबी आणि इन्सुलिनला होणारा विरोध जास्त होता, आणि फोलेट जास्त पण ब-१२ सर्वांत कमी अशी जोडी असलेल्या मातांची मुले या बाबतीत सर्वांत पुढे होती. गरोदर स्त्रियांना सरकारी दवाखान्यांतून अनेक दशके दिल्या गेलेल्या गोळ्यांत लोह आणि फॉलिक ॲसिड होते, ब-१२ नव्हते. गोळ्या चुकीच्या नव्हत्या. रक्तक्षयाने मरणाऱ्या बायकांना त्यांची नितांत गरज होती आणि आहे. पण एका कमतरतेवर इलाज करताना दुसरी तशीच राहिली तर तोल बिघडू शकतो, हे ध्यानात आले.

आणि मन? ब-१२ हे चेतातंतूंवरच्या मेदाच्या आवरणासाठी आवश्यक असते, आवरण नीट नसेल तर मेंदूतले संदेश संथ होतात. मुले नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्यातले दोन गट निवडले गेले. एका गटातल्या मातांचे गरोदरपणीचे ब-१२ फार कमी, दुसऱ्या गटातल्यांचे चांगले. मुलांना ठिपके क्रमाने जोडायचे, ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने सांगायचे असे खेळ दिले गेले. पहिल्या गटातल्या मुलांना लक्ष टिकवून ठिपके जोडायला जास्त वेळ लागला आणि उलटे आकडेही त्यांना थोडे कमी सांगता आले. बुद्धिमत्तेच्या इतर चाचण्यांत मात्र फरक दिसला नाही. फरक छोटा आहे, आणि तो छोटा आहे असे सांगणे या संशोधनाच्या प्रामाणिकपणाचा भाग आहे. कारण म्हैसूरमध्ये अशाच पद्धतीने पाहिलेल्या मुलांत उलट चित्र निघाले. तेथे आईच्या फोलेटचा मुलांच्या बौद्धिक चाचण्यांशी चांगला संबंध दिसला, ब-१२ चा दिसला नाही.

असे परस्परविरोधी निष्कर्ष आले की निरीक्षण पुरे पडत नाही, प्रयोग करावा लागतो. १९९४ ते १९९६ या काळात जन्मलेली ती बाळे तोवर विशीच्या उंबरठ्यावर आली होती. २०१२ पासून त्यांना, मुलींबरोबर मुलांनाही, रोज दोन मायक्रोग्रॅम ब-१२, किंवा त्याच्या जोडीला इतर सूक्ष्मपोषके, किंवा निष्क्रिय गोळी अशी विभागणी करून दिली गेली. 'प्रिया' या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. यातल्या मुलींची लग्ने झाली, त्यांना मुले झाली. ही तिसरी पिढी दोन-तीन वर्षांची झाल्यावर तिची बौद्धिक आणि भाषिक वाढ तपासली, त्याचा निष्कर्ष २०२१ साली आला. केवळ ब-१२ मिळालेल्या मातांची मुले आकलन आणि भाषा या दोन्हींत सरस ठरली. ब-१२ सोबत इतर सूक्ष्मपोषकेही मिळालेल्या गटात मात्र हा फायदा दिसला नाही. का दिसला नाही, हे कोडे आहे. विज्ञानाचा इतिहास अशा कोड्यांसकट लिहावा, ती झाकून लिहिला तर तो जाहिरात होतो.

या सगळ्याला आणखी एक काळाचे परिमाण आहे. १९९४ च्या सुमारास गरोदर असलेल्या त्या स्त्रियांचे सरासरी वय एकविशीच्या जवळपास होते. म्हणजे त्यांतल्या बऱ्याच जणी १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे जन्मलेल्या किंवा त्या काळात आईच्या पोटात असलेल्या. स्त्रीबीजे मुलीच्या शरीरात ती स्वतः गर्भात असतानाच तयार होतात. १९९४ साली जन्मलेल्या बाळाचे अर्धे बीज, हिशेबाने, त्याच्या आजीच्या पोटात १९७२ च्या सुमारास घडले होते. आजी सुकडीवर आणि खडी फोडण्याच्या मजुरीवर दिवस काढत होती तेव्हा नातवाची तयारी सुरू झालेली होती. आम्ही हे अलंकार म्हणून लिहीत नाही, हे शरीरशास्त्र आहे.

त्याहून मागे गेले तर १८७६ ते १८७८ चा दुष्काळ लागतो. १८७७ साली सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुरासाठी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढीच मजुरी पुरेशी ठरवली. मद्रासचे आरोग्य अधिकारी विल्यम कॉर्निश यांनी एवढ्यात माणूस तगत नाही असे बजावले. मुंबई इलाख्यातही मजुरांनी कपातीला विरोध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. टेंपल आणि कॉर्निश यांचा वाद माणूस जिवंत राहतो की नाही एवढ्यापुरता होता. जिवंत राहिलेल्या माणसाच्या नातवंडांचे काय होते, हा प्रश्न त्या काळी कोणाला सुचणे शक्य नव्हते.

पिढ्यानपिढ्यांची उपासमार शरीरात मुरते का, हे माणसांवर प्रयोग करून पाहता येत नाही. उंदरांवर पाहिले गेले. पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पुण्याशी निगडित आहे आणि त्यात याज्ञिकही सहभागी होते. त्या उंदरांत इन्सुलिन जास्त, ब-१२ कमी, चरबी जास्त असे आढळले, आणि पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर खाऊ घालूनही ते पूर्ववत झाले नाही. म्हणून पन्नास पिढ्यांचे उंदीर आणि महाराष्ट्राचा शेतकरी यांच्यात सरळ रेघ ओढावी, असे आम्ही म्हणणार नाही. हॉलंडचे उदाहरण सावध करणारे आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींच्या नाकेबंदीमुळे तेथे काही महिने भीषण उपासमार झाली. त्या वेळी गर्भात असलेली मुले एकोणिसाव्या वर्षी सैन्यभरतीच्या चाचण्यांना बसली, तेव्हा त्यांच्या बौद्धिक गुणांत काहीही घट दिसली नाही. हे १९७२ साली प्रसिद्ध झाले. पुढे मात्र त्याच पिढीत, उपासमार ऐन भरात असताना गर्भ राहिलेल्यांत, स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. एका मापाला न दिसलेली जखम दुसऱ्या मापाला दिसते. काही महिन्यांची उपासमार आणि शंभर वर्षांची अर्धपोटी अवस्था या एक नव्हेत, हेही खरे.

या ज्ञानाचे समाजात काय होते, हा शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. आपल्याकडे 'गर्भसंस्कार' या नावाने मंत्र, संगीत, काढे, शिबिरे यांचा मोठा बाजार उभा आहे. त्याला पुण्याच्या संशोधनाचे एखादे वाक्य उचलून आपल्या जाहिरातीत घालणे सोपे आहे. बघा, आता विज्ञानही हेच म्हणते, असे सांगितले की झाले. पण दोहोंत मूलभूत अंतर आहे. गर्भसंस्काराचा ग्राहक म्हणजे एकटी आई. तिने काय ऐकावे, काय वाचावे, मन कसे प्रसन्न ठेवावे याची यादी तिच्या हाती दिली जाते आणि मूल अपेक्षेप्रमाणे निघाले नाही तर दोषही तिच्याच पदरी पडतो. सुभद्रेच्या झोपेचा हा नवा अवतार आहे. पुण्याच्या नोंदी वेगळे सांगतात. त्या म्हणतात की पालेभाजी, दूध, फळ तिच्या ताटात आले पाहिजे, पाण्याची कळशी तिच्या डोक्यावरून उतरली पाहिजे, आणि हे गरोदर राहिल्यावर नव्हे तर त्याच्या कितीतरी आधी, ती स्वतः शाळकरी मुलगी असताना व्हायला हवे. यातले काहीही ती एकटी करू शकत नाही. ते घर, गाव, नळपाणी योजना, रेशन आणि रोजगार हमी यांचे काम आहे.

म्हणून या संशोधनाचा वारसा मधुमेहाच्या आकडेवारीत शोधू नये असे आम्हांला वाटते. एक जुनी, आरोप करणारी गोष्ट त्याने उलटी करून दाखवली. आईच्या पोटात मुलाचे काही ठरते हे परंपरेचे म्हणणे त्याने खोटे पाडले नाही, पण आईच्या पोटात काय असेल हे कोण ठरवते, हा प्रश्न त्याने त्याच्या पुढे मांडला. सहा गावांत मोजपट्टी घेऊन फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्या स्त्रियांना दिवसभरात काय खाल्ले हे विचारले, आणि किती काम केले हेही विचारले. सुभद्रेला झोप लागली तेव्हा ती दमलेली होती का, असे विचारणारे पहिले लोक बहुधा तेच असतील.